बिडाचं पातेलं

लोणचीवाली बाई पिंपात चिमटा घालून काकडी धरू पाहत होती, तेवढ्यात इल्काच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला आणि तिनं तो काढून बघितला. झालं ते एवढंच. रविवारची सकाळ, लेहेल बाजार, आंबलेल्या कोबीच्या पाण्याचा वास, शेजारच्या गाळ्यावर हंसाच्या मांड्यांवरून चाललेली घासाघीस. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, नवी आवृत्ती कधी येणार, आणि त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या कुणीतरी एक चित्र चिकटवलं होतं. बाईचं डोकं, हनुवटीपर्यंत ओढून लांबवलेलं नाक, हातात लाकडी चमचा, खाली अक्षरं : ‘शिजतंय.’ इल्का आधी नुसती कंटाळली. असली नाकं त्या ग्रुपवर रोज यायची. डास येतात तशी. मग तिला चष्मा दिसला. जाड काळ्या काड्यांचा, एका बाजूला जरा कललेला. मग कानामागची फरशी दिसली. पांढऱ्या फरशीवर निळा पक्षी, पाय वर, डोकं खाली. अख्ख्या बुडापेस्टमध्ये हा पक्षी असा उलटा एकाच भिंतीवर बसवलेला होता, कारण बसवणारा गवंडी प्यायलेला होता आणि आई म्हणाली होती, राहू दे, घरात एक तरी उलटा असू दे. ती भिंत इल्काच्या शेगडीमागे होती.

“दोन की तीन?” बाईनं विचारलं.

“काय?”

“काकड्या, बाई, काकड्या. फोनमध्ये कोण मेलं का?”

“नाही,” इल्का म्हणाली. “मीच आहे.” बाईनं तीन घातल्या.

पिशवी घेऊन ती पोझोनी रस्त्यानं घरी निघाली. पाय आपले आपण चालत होते. ग्रुपवर तिचं नाव माकोश होतं, म्हणजे खसखशीची गुंडाळी. नाव घ्यायच्या दिवशी ती समोरच्या ताटलीत होती, म्हणून. त्या नावानं तिनं नाण्याचं, म्हणजे इंटरनेटवरच्या गुप्त चलनाचं, अवघड गणित लिहिलं होतं : पैसे पाठवले हे सिद्ध व्हावं, पण कुणी कुणाला पाठवले हे देवालाही कळू नये. मिन्स्कमधल्या तुरुंगांत नवरे असलेल्या बायकांना या नाण्यातून मदत जायची, आणि त्या बायकांपैकी एकीच्याही दारावर पोलिसांची थाप पडली नाही, याचा इल्काला कुणालाही न सांगितलेला अभिमान होता. ग्रुपवरची पोरं माकोशला पुरुष समजायची. ‘माकोशदादा, तुम्ही ग्रेट आहात.’ ‘माकोशदादांच्या गणिताला हात लावाल तर खबरदार.’ आणि त्याच तोंडानं, त्याच दुपारी, ‘या नाण्यामागे नाकवाले आहेत, त्यांनी आत चोरदरवाजा ठेवला असणार.’ तिला हसू यायचं. नाण्याच्या कामातले तिचे म्हातारे साथीदार देझोकाका म्हणायचे, “अगं, हे गणित हैफात, रेहोवोतला, बॉस्टनला ज्यांनी मांडलं त्यांची आडनावं वाच एकदा; आमच्या सिनेगॉगमधल्या बाकांवरच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. आणि ही पोरं ते गणित उशाला घेऊन झोपतात.” हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. इतकी वर्षं नेली होती. आता चालता चालता ती त्या चित्राखालची बोलणी वाचत होती. ‘ही म्हातारी कोण रे?’ ‘कुणी नाही. असंच एकीचं तोंड.’ ‘जुनं आहे, आमच्या छोट्या ग्रुपवर कधीचं फिरतंय.’

असंच एकीचं तोंड. पण तो चष्मा तिचा नव्हताच. तो आईचा होता, आणि तिनं तो आयुष्यात एकाच दिवशी घातला होता. त्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या चष्म्यावर बसली, आणि दुपारी तर किल्ली बनवायची होती, तिच्या आकड्यांसाठी टाकलेल्या फाशांवरचे ठिपके वाचायचे होते. म्हणून आईच्या कपाटातून तो काढला. किल्ली म्हणजे नाण्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर जिची सही लागते ती. ती एकाकडे असू नये म्हणून तिचे तीन तुकडे करायचे ठरलं होतं. इल्काकडे एक, तिचा जुना सहकारी बोतोंद याच्याकडे एक, देझोकाकांकडे एक. कुठलेही दोन एकत्र आले की सही होते, एकट्यानं काहीच होत नाही. तिघं तिच्या स्वयंपाकघरात बसले. ज्याला कधीच इंटरनेट दाखवलं नव्हतं असा संगणक टेबलावर. आणि सुरुवात करण्याआधी रिवाजाप्रमाणे सगळे फोन बिडाच्या पातेल्यात. ते पातेलं शनिवारी शोलेतसाठी लागायचं : घेवडा, जव, हंसाची धुरावलेली तंगडी, अंडी, रात्रभर मंद आचेवर. उरलेलं शोलेत रविवारी वाडग्यात काढायचं, पातेलं घासायचं आणि त्यात फोन ठेवून जड झाकण लावायचं. बोतोंद म्हणायचा, “जगातलं सगळ्यात सुरक्षित खातं, आणि त्याला लसणाचा वास.” देझोकाका तर कानातली यंत्रंही पातेल्यात टाकत. ती फोनला बिनतारी जोडलेली होती, आणि नियम म्हणजे नियम. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे जगातलं अत्यंत गुप्त काम दर वेळी आरडाओरडा करून चालायचं. “काका, फासा टाका!” “काय?” “फासा!” मग इमारतीच्या आतल्या चौकाकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या. त्या दिवशी खूप हसले होते. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत फोटो निघू शकतच नव्हता. फोन झाकणाखाली होते. आणि फोटो निघाला होता.

दोघांतलं कोण? हा प्रश्न पडल्याचं तिला आधी भान आलं आणि मग लाज वाटली, कारण लाज वाटण्याच्या आत तिनं क्षणभर देझोकाकांवर संशय घेऊन बघितला होता. त्यांच्यावर घेणं सोपं होतं, कमी दुखलं असतं. पण काका दाराजवळच्या खुर्चीत बसत. तिथून पक्षी दिसत नाही, मध्ये फळी येते. खिडकीखालच्या स्टुलावरून दिसतो. त्या स्टुलावर वीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. तिथला रंग त्याच्या पाठीनं घासून गेला होता. आणि ‘शिजतंय’ हा तिचाच शब्द. सिद्धता पुरी झाली नसली, कुणी विचारलं, की ती म्हणायची, शिजतंय. हा शब्द ती ग्रुपवर कधी लिहीत नसे. तो फक्त स्वयंपाकघरातला होता.

बोतोंद आणि ती एकाच कंपनीत होते, एकाच दिवशी नोकरी गेली, आणि एकाच पिशवीत दोघांचं सामान आणि एक कुंडी घालून ते दारातून बाहेर पडले. कॅक्टस त्याचा होता, पण जगला तिच्याकडे. आई गेली तेव्हा कोझ्मा रस्त्यावरच्या दफनभूमीत तो खिशात हात घालून उभा होता. तिला वाटलं थंडी वाजतेय. सगळे निघाले तेव्हा त्यानं खिशातून एक दगड काढला, दान्यूबच्या काठचा, गुळगुळीत, आणि थडग्यावर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, की आमच्यात फुलं नाही, दगड ठेवतात. त्यानं कुठून तरी वाचलं होतं. त्या दगडावर इल्कानं त्याला सगळं माफ करून टाकलं होतं, पुढचं, मागचं, उशिरा येणं, उसनी पुस्तकं, अर्धवट सोडलेली कामं. माणूस एका दगडावर किती वर्षांची उधारी देतो. त्याच संध्याकाळी तिनं त्याला आईची लिफ्टमधली गोष्ट सांगितली, जी तिनं घटस्फोट झालेल्या नवऱ्यालाही सांगितली नव्हती. युद्धात, आमची माणसं पकडून नेत होते तेव्हा, सहा वर्षांच्या आईला दुसऱ्या मुलीचं नाव दिलं, दुसरं गाव दिलं, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून घेतली. कुणी अडवलं तर अडखळायचं नाही. ती अडखळली नाही, म्हणून इल्का होती. पण पुढं पन्नास-साठ वर्षं, लिफ्टचं दार बंद झालं आणि आत परका माणूस असला, की आई ओठांतल्या ओठांत ती प्रार्थना म्हणायची. तिला कळायचंही नाही. घरात यातलं काही बोललं जायचं नाही. स्वतःचा फोटो काढू द्यायची नाही ती. तिच्या अख्ख्या म्हातारपणाचा एकही फोटो नव्हता. शाळेत एदित नावाच्या मुलीनं डबा खाता खाता विचारलं होतं, “इल्का, तू पण त्यातली का गं?” आणि इल्कानं खरंच काही ठाऊक नसल्यामुळे विचारलं, “कशातली?” एदित हसली, मग सगळ्या हसल्या. घरी येऊन आईला विचारलं तर आईनं गॅस बंद केला, खिडकी लावली, रेडिओ मोठा केला, आणि मगच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, “परत कुणी विचारलं तर नाही म्हण. नाही म्हणायला काही लागत नाही.” कूटलेखन म्हणजे काय ते इल्का विद्यापीठात नाही शिकली. त्या रेडिओच्या आवाजाखाली शिकली.

आणि आता त्या चित्रात, ओढलेल्या नाकाच्या वर, आईचा चष्मा होता. आईचा एकमेव फोटो म्हणायला हरकत नव्हती.

घरी आल्यावर तिनं काकड्या ठेवल्या, शोलेत वाडग्यात काढलं, पातेलं घासलं. घासत राहिली. आज चार वाजता दोघं यायचे होते, सहीसाठी. तिच्याच गणितात तिलाच एक भोक सापडलं होतं, बारीक, पण चिकाटीच्या माणसानं बोट घातलं असतं तर मिन्स्कच्या बायकांची नावं बाहेर ओघळली असती. ठिगळ तयार होतं. सही झाली की जायचं. ते थांबवता येत नव्हतं. पण किल्लीच्या जन्माच्या वेळी खोलीत एक उघडा डोळा होता, हे आता तिला ठाऊक होतं. टेबलावर फासे पडले होते, पडद्यावर आकडे होते. त्या डोळ्यात काय काय शिरलं, कोण सांगणार. हे बोलायचं तर किल्ली मेली म्हणून जाहीर करावं लागेल. सात वर्षांच्या कामावर लोक थुंकतील. आणि कसं कळलं असं विचारतील, तेव्हा सांगावं लागेल की ते तोंड माझं आहे. नाही बोलायचं तर काही लागत नाही. शांतपणे सही करायची, वाडगं पुढं करायचं, बोतोंद म्हणेल आज मीठ कमी. तिच्या लक्षात आलं की ती ओठ हलवतेय. प्रार्थना वगैरे काही नव्हतं. आकडे होते.

देझोकाका आधी आले, कानातली यंत्रं काढून पातेल्यात ठेवली, फोन ठेवला आणि आपल्या बहिऱ्या राज्यात जाऊन बसले, मांडीवर टोपी. बोतोंद आला तो खसखशीची गुंडाळी घेऊन. “घे, इलुश, तुझ्याच नावाची.” फोन पातेल्यात टाकला, स्टुलावर बसला, पाठ भिंतीला. तिनं झाकण उचललंच नाही.

“दुसरा पण,” ती म्हणाली.

“दुसरा काय?”

“फोन.”

तो हसला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, उतरायला विसरल्यासारखं. “काय झालं तुला?” तिनं बोट दाखवलं. भिंतीवरच्या पक्ष्याकडे. तो पक्ष्याकडे बघत राहिला, जणू पहिल्यांदाच बघतोय. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून एक छोटा फोन काढून त्यानं हळूच पातेल्यात ठेवला. बीड वाजलं.

“तू छान दिसत होतीस,” तो म्हणाला. “खरंच सांगतो. हसत होतीस, कुणाकडे बघून ते विसरलो. म्हणून काढला. तुला पाठवणारच होतो, मग म्हटलं, नियम मोडला म्हणून तू ओरडशील.”

“आणि मग?”

“मग काही नाही. प्रागला ग्रुपवरच्या त्या पोरांबरोबर बसलो होतो, बियर चालली होती. फोटो सरकवताना दिसला त्यांना. एकजण म्हणाला, ही कोण, चेटकीण? हसले सगळे. इलुश, ते नेहमी मला हसतात. म्हातारा म्हणतात. त्या दिवशी हसत नव्हते.”

“नाक कुणी ओढलं?”

“मी नाही. शप्पथ, नाक मी नाही.”

“शब्द?”

त्यानं पातेल्यातले फोन उगाच नीट लावले. बाहेर चौकात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

“काय चाललंय?” देझोकाका दाराजवळून मोठ्यानं म्हणाले. “सही करताय की जुगार खेळताय?”

“काही नाही, काका!” बोतोंद ओरडला, आणि मग तिच्याकडे वाकून हलक्या आवाजात, “हे बघ, तू पण तसले विनोद करतेस. काका तर किती करतात. ती पोरं मनानं वाईट नाहीत, त्यांना त्याचा अर्थसुद्धा माहीत नाही. आज सही होऊ दे. मिन्स्कच्या बायकांचा विचार कर. माझं काय ते मी बोलतो त्यांच्याशी. चित्र काढून टाकायला लावतो, कुणाला कळणार पण नाही.” हलका आवाज. तोच तो, रेडिओच्या खालचा. आईचा आवाज याच्या तोंडात कसा आला, असं तिला वाटलं, आणि सगळ्यात जास्त ते टोचलं : याला दगड ठेवायचा ठाऊक होता, खिडकी कधी लावायची हे ठाऊक होतं, सगळं आमच्याकडूनच शिकला होता.

“काका,” ती म्हणाली.

“काय?”

“ग्रुपवर एक चित्र फिरतंय!”

“मोठ्यानं बोल!”

“चित्र! नाकवालं! ते मी आहे!”

“कोण आहे?”

“मी! मी ज्यू आहे म्हणून! फोटो बोतोंदनं काढला! इथं! किल्लीच्या दिवशी!” खिडक्या उघड्या होत्या. लावायच्या राहिल्या होत्या. चौकातला गालिचा झटकायचा थांबला. वरच्या मजल्यावरच्या सज्जात कुणीतरी खुर्ची सरकवली. चौपन्न वर्षांत तिनं हा शब्द इतक्या मोठ्यानं उच्चारला नव्हता, आणि आता उच्चारला तोही शेजारी अर्ध्या वाक्यात ऐकून घेतील असा.

देझोकाकांनी टोपी टेबलावर ठेवली. “त्याच्याकडे फोन दोन होते?”

“हो!”

“आणि मी कान काढून ठेवले होते,” काका म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात. “मी कान काढून ठेवले, आणि यानं डोळा ठेवला.”

“काका, दोघांची सही पुरते!” बोतोंद आता त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन ओरडत होता. “तुमची आणि माझी! ठिगळ आज गेलंच पाहिजे! इल्का शांत झाली की मग बघू!”

“तुम्ही तर नेहमी म्हणता गप्प राहावं,” इल्का म्हणाली. पण हे ती ओरडली नाही, त्यामुळे त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, ते तिला ठाऊक होतं. गप्प राहिलेले जगले. त्यांनी हे तिला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि ज्यांच्याविषयी सांगायचे ते त्यांचे वडील गप्प राहूनही जगले नव्हते. काका दोघांकडे बघत बसले. मग कानाच्या यंत्रांची रिकामी डबी खिशातून काढली, तळाची कापसाची गादी उचलली आणि आपला तुकडा, नखाएवढी चिप, टेबलावर ठेवून बोटानं तिच्या बाजूला सरकवला. सावकाश. बुद्धिबळात प्यादं सरकवावं तसा.

“लिही काय लिहायचं ते,” ते म्हणाले. “आणि इतके दिवस मला का नाही सांगितलंस?”

“आजच कळलं!”

“काय?”

“आजच!”

किल्ली मेली तर तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर शेवटची सही तिलाच करावी लागते. दुसऱ्या कुणाची चालत नाही. तिनं आधी ठिगळावर सही केली, मिन्स्कसाठी. मग दाखल्यावर. बोतोंद स्टुलावरून उठून उभा होता, हात लोंबत होते. “तू मला बुडवतेयस,” तो म्हणाला. तिनं त्याचं नाव लिहिलं नव्हतं. ते त्याला सांगावंसं वाटलं नाही. “इलुश, वीस वर्षं.” “फोटो दे मला,” ती म्हणाली. “नाक ओढायच्या आधीचा.” त्यानं तो छोटा फोन पातेल्यातून काढला, उघडला, तिच्यासमोर धरला. फोटोत ती हसत होती. चमचा वर, आईचा चष्मा कललेला, पक्षी उलटा. कुणाकडे बघून हसतेय ते तो विसरला होता; ते फोटोत स्पष्ट दिसत होतं. तिनं फोटो स्वतःकडे पाठवून घेतला आणि त्याचा फोन जिथून आला होता तिथं, पातेल्यात, परत ठेवला. त्यानं सवयीनं आपला मोठा फोन उचलला, जसा प्रत्येक रविवारी उचलायचा, जाकीट घातलं, आणि गेला. गुंडाळी टेबलावर तशीच राहिली. जिन्यात त्याची पावलं सावकाश वाजत होती, लिफ्ट चालू असून.

देझोकाका कान लावून घरी गेले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजेड अजून होता. इल्कानं माकोशच्या नावापुढे फोटो लावला आणि ग्रुपवर लिहिलं : भोक बुजवलं आहे, लगेच घ्या. जुनी किल्ली आज रद्द. ती बनवताना खोलीत कॅमेरा होता. कसं कळलं त्याचा पुरावा तुमच्याकडेच आहे, तुम्ही रोज एकमेकांना पाठवता. हा मूळ फोटो. शिजतंय ते शोलेत, घेवड्याचं. शिजवणारी मी.

पाठवलं. मग वाडग्यातलं थंड शोलेत उभ्यानं खाल्लं. खरंच मीठ कमी होतं. पहिलं उत्तर आलं ते चित्रच, लांब नाकाचं. दुसरं चित्र. तिसरं, कुणीतरी हसून हसून रडणारं तोंड. मग एकजण, ज्याच्या चुका ती महिनोन् महिने रात्री दुरुस्त करून देत आली होती, त्यानं लिहिलं : ‘माकोशदादा, कुणी तुमचं खातं चोरलंय का? तुम्ही खरंच त्यातले आहात?’

चमचा तिच्या हातात होता. तिनं तो खाली ठेवला, बोट पुसलं, आणि लिहिलं : हो.

शेगडीजवळ काहीतरी गुरगुरलं. तिनं वळून बघितलं. पातेल्याच्या तळाशी, झाकण नसलेल्या बिडात, त्याचा तो दुसरा फोन थरथरत होता; तिचं उत्तर तिथं पोचलं होतं.